कांद्याचा भाव, ९४ टक्के अचूक

माझ्या नावावर एक शोधनिबंध आहे. लासलगावच्या बाजार समितीत उद्या कांद्याचा भाव चढेल की उतरेल, हे मशीन लर्निंगने कसं ओळखता येईल, असा त्याचा विषय. आम्ही चौघं इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. पाचवं नाव गाइड सरांचं, जे खरं तर पहिलं छापलंय. अॅक्युरसी ९४ टक्के. प्रोजेक्टवर पेपर छापून आला नाही तर पाच मार्क कट, अशी डिपार्टमेंटची अट होती. सिनिअर्सनी एका 'इंटरनॅशनल जर्नल'ची लिंक दिली. शनिवारी रात्री वर्डची फाइल चढवली, सोमवारी सकाळी स्वीकारल्याची मेल आली. अठराशे रुपये भरले, म्हणजे डोई साडेचारशे, आणि पाच सर्टिफिकिटं पीडीएफमध्ये आली. परीक्षकाचा शेरा एकच होता: फॉण्ट टाइम्स न्यू रोमन करा.

हे सगळं मी विसरूनही गेलो होतो. गेल्या वर्षी इथिओपियातल्या एका विद्यार्थिनीची मेल आली. तिच्याकडे तिथल्या बाजारातल्या कांद्याचे भाव होते. आमची पद्धत तिने जशीच्या तशी वापरून पाहिली, पण ९४च्या जवळपासही जाता येईना. आपलं काय चुकतंय ते कळत नाही, कोड आणि डेटा मिळू शकेल का, असं तिने फार अदबीने विचारलं होतं. तिचं काहीच चुकत नव्हतं. आम्ही मॉडेलला ज्या दिवसांचे भाव शिकवले, त्याच दिवसांवर त्याची परीक्षा घेतली होती. पेपर फुटलेल्या परीक्षेत ९४ टक्के पाडले, म्हणा ना. हे त्या वेळी आम्हाला कळलं नव्हतं असं म्हणायला मला आवडेल. चौघांपैकी दोघांना कळलं होतं, आणि त्या दोघांत मी होतो.

त्या मेलला मी आठ दिवस उत्तर दिलं नाही. त्या आठ दिवसांत मायकेल नील्सनचं 'रीइन्व्हेंटिंग डिस्कव्हरी' पुन्हा वाचून काढलं. इंटरनेटमुळे विज्ञान करण्याची रीतच बदलणार आहे असं सांगणारं हे पुस्तक मी पहिल्यांदा सेकंड इयरला, हॉस्टेलच्या गच्चीवर वाचलं होतं. तेव्हा वाटलं होतं, आपण चुकीच्या कॉलेजात असलो तरी बरोबर काळात आहोत.

नील्सन मूळचा क्वांटम कम्प्युटिंगमधला. त्या विषयाचं जे पाठ्यपुस्तक जगभर वापरतात, ते त्याने आयझॅक च्वांगबरोबर लिहिलेलं आहे. चांगली चाललेली ही वाट सोडून तो खुल्या विज्ञानाच्या प्रचाराला लागला आणि २०११ साली प्रिन्स्टन युनिव्हर्सिटी प्रेसने त्याचं हे पुस्तक काढलं. पुस्तकाची सुरुवात एखाद्या चांगल्या कथेसारखी आहे. २००९चा जानेवारी. केंब्रिजचा गणिती टिम गॉवर्स, फील्ड्स पदकाचा मानकरी, आपल्या ब्लॉगवर एक न सुटलेला प्रश्न मांडतो आणि म्हणतो, या, आपण सगळे मिळून उघड्यावर सोडवू. सुचेल ते लिहा. अर्धवट असलं तरी चालेल, चुकलं तरी चालेल.

प्रश्न असा होता. फुली-गोळ्याचा खेळ आठवा. तो कागदावरच्या दोन मितींऐवजी दहा, शंभर, हजार मितींत खेळला तर एकही सरळ ओळ पूर्ण होऊ न देता किती घरं भरता येतील? मिती पुरेशा वाढवल्या की एकूण घरांचा कितीही लहान पण ठरावीक हिस्सा भरा, ओळ झाल्याशिवाय राहत नाही. हे प्रमेय १९९१ साली सिद्ध झालं होतं, पण फार आडवळणाने. गॉवर्सला साधी, सरळ वाट हवी होती. ३७ दिवसांनी त्याने जाहीर केलं की बहुधा सापडली. २७ जणांनी मिळून सुमारे ८०० प्रतिक्रिया लिहिल्या होत्या, जवळजवळ १ लाख ७० हजार शब्द. त्यात टेरेन्स टाओसारखा फील्ड्स पदकविजेता होता आणि शाळेत गणित शिकवणारा माणूसही होता. पुढे हा निबंध 'अॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स'मध्ये आला, लेखकाचं नाव 'डी. एच. जे. पॉलिमॅथ'. असा कोणी माणूस नाही. प्रमेयाच्या आद्याक्षरांवरून पाडलेलं ते सगळ्यांचं मिळून एक नाव.

त्या सगळ्या प्रतिक्रिया आजही वाचता येतात आणि मला त्या कुठल्याही तयार सिद्धतेपेक्षा जास्त आवडतात. छापील गणित म्हणजे पंगत उठल्यावर पुसून लख्ख केलेलं घर. इथे स्वयंपाक चालू असतानाचं घर दिसतं. कोणीतरी एक कल्पना मांडतं, तासाभराने स्वतःच म्हणतं की हे चुकलं, तिसरा त्या चुकीतूनच काहीतरी उचलतो. एवढी मोठी माणसं एवढ्या साध्या चुका करतात, हे मला कोणत्याही प्रोफेसरने सांगितलं नव्हतं.

नील्सनचं या पुस्तकातलं सगळ्यात चांगलं काम म्हणजे तो फक्त गोड उदाहरणं देऊन थांबत नाही. गॅलेक्सी झू या प्रकल्पात हौशी लोकांनी लाखो दीर्घिकांचे आकार ओळखले आणि हान्नी व्हान आर्केल या डच शिक्षिकेला त्यात कोणीच न पाहिलेला निळसर ढग सापडला, हे तो रंगवून सांगतो. पण त्याचबरोबर क्यूविकीची फजितीही सांगतो. २००५मध्ये क्वांटम कम्प्युटिंगसाठी विकिपीडियासारखा एक ज्ञानकोश सुरू झाला. सगळ्या संशोधकांनी माना डोलावल्या, वा, छान कल्पना. लिहायला कोणी आलं नाही. आळस हे त्याचं कारण नव्हतं. ज्ञानकोशात घातलेला आठवडा बायोडेटात कुठे लिहिणार? नोकरी मिळते पेपरवर, बढती मिळते पेपरवर, अनुदान मिळतं पेपरवर. पॉलिमॅथ चाललं, कारण त्याच्या शेवटी पेपर होता. साधन क्रांतिकारक, साध्य जुनंच, हे नील्सनने स्वतःच ओळखलेलं आहे.

त्याला जोडून तो गॅलिलिओची गोष्ट सांगतो. १६१०मध्ये दुर्बिणीतून शनी एक गोळा न दिसता तीन गोळे जोडल्यासारखा दिसला. गॅलिलिओने केप्लरला आणि इतरांना काय कळवलं? अक्षरांची एक निरर्थक माळ. उद्या दुसऱ्या कोणी हाच शोध लावला, तर हा माझा म्हणून माळ उलगडून दाखवायची. तोपर्यंत कोणाला पत्ता लागायला नको. केप्लरने ती सोडवायचा प्रयत्न केला आणि भलताच अर्थ काढला, की मंगळाला दोन चंद्र आहेत. शोध लपवणं तेव्हा शहाणपणाचं होतं. १६६५मध्ये लंडनला 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' सुरू झालं, हळूहळू छापणाऱ्याला श्रेय मिळू लागलं, आणि लपवण्यापेक्षा सांगणं फायद्याचं झालं. नील्सनचं म्हणणं असं की तीच गोष्ट आता पुन्हा घडवायची आहे. पैसा देणाऱ्यांनी अट घालावी की डेटा, कोड, कच्च्या कल्पना सगळं उघडं करा, आणि त्या सगळ्याचं श्रेय मोजायची सोय करावी. मोजणी बदलली की माणसं बदलतील.

इथे माझं त्याच्याशी पटत नाही. गच्चीवर वाचताना पटलं होतं.

नील्सनच्या हिशोबात मोजणी ही तराजूसारखी निरुपद्रवी वस्तू आहे. आज ती चुकीच्या पारड्यात पेपर टाकते, उद्या डेटा आणि कोडही टाकेल, मग सगळं ठीक. तो उदाहरणही देतो: भौतिकशास्त्रात अर्काइव्हवरच्या प्रीप्रिंटचे संदर्भ मोजायची सोय झाली, म्हणून प्रीप्रिंटला प्रतिष्ठा आली. खरं आहे. पण हे पुस्तक छापून आलं तेव्हा गूगल स्कॉलर सात वर्षांचं होतं आणि एच-इंडेक्स सहा वर्षांचा. म्हणजे विज्ञान नेटवर्कवर यायच्या आधी मोजणी नेटवर्कवर आली होती. कोणाचे पेपर किती, त्यांचे संदर्भ किती, हे काढायला पूर्वी ग्रंथालयात बसावं लागे. आता ते एका क्लिकवर आलं, आणि जे एका क्लिकवर दिसतं ते प्रत्येक साहेब मागतो. इंटरनेटने गॉवर्सला २७ साथीदार मिळवून दिले, त्याच इंटरनेटने आमच्या डिपार्टमेंटला 'प्रत्येक प्रोजेक्टवर एक पेपर' ही अट घालायची सोय करून दिली. आणि ती अट पुरी करणारं दुकानही त्यानेच उघडून दिलं. छापखाना नको, टपाल नको, अठराशे रुपयांत काम. नील्सनच्या पुस्तकात पहिलं इंटरनेट पानोपानी आहे. दुसऱ्याचा मागमूस नाही.

त्याने उघड करायला सांगितलेलं पुष्कळसं उघड झालं, हेही कबूल केलं पाहिजे. इथे थोडं मागे जावं लागेल. १९९१ साली एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन गोष्टी घडल्या. लॉस अलामॉसमध्ये पॉल गिन्स्पार्गने एका कम्प्युटरवर भौतिकशास्त्राच्या प्रीप्रिंट फुकट वाटायला सुरुवात केली, तेच पुढे अर्काइव्ह झालं. आणि रॉबर्ट मॅक्सवेलने पर्गामॉन प्रेस हा आपला वैज्ञानिक जर्नलांचा धंदा ४४ कोटी पौंडांना एल्सव्हिअरला विकला. संशोधन सरकारच्या पैशातून होतं, परीक्षण प्राध्यापक फुकटात करतात, आणि छापलेलं परत विद्यापीठालाच विकायचं, हा धंदा किती फायद्याचा आहे हे मॅक्सवेलला फार आधी कळलं होतं. माझ्यासारख्याच्या आयुष्यात यातली पहिलीच गोष्ट आली. मी रोज ज्याच्यावर काम करतो ती सगळी मॉडेल्स ज्या निबंधातून निघाली, तो 'अटेन्शन इज ऑल यू नीड' २०१७मध्ये अर्काइव्हवर आला. तेव्हापासून तो कोणालाही फुकट वाचता येतो, फोनवरसुद्धा. (दोन कॉलमांची पीडीएफ फोनवर वाचायची म्हणजे बोटांनी ताणत ताणत वाचायची. २०२३च्या डिसेंबरपासून अर्काइव्हने निबंध वेबपानासारखे दाखवायला सुरुवात केली, तेव्हा माझ्यासारख्या लोकलमधल्या वाचकांनी त्यांना मनोमन दुवा दिला.)

दुसरी गोष्ट माझ्या मावसबहिणीच्या वाट्याला आली. ती एका खाजगी फार्मसी कॉलेजात शिकवते. तिला लागणारा निबंध उघडायला गेलं की समोर डॉलरमधला आकडा येतो. वर्षानुवर्षं ती, आणि तिच्यासारखे देशातले असंख्य लोक, साय-हबवरून निबंध उतरवत होते. कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाक्यानने २०११ साली, म्हणजे नील्सनचं पुस्तक आलं त्याच वर्षी, सुरू केलेली ही साइट बेकायदा आहे आणि जगातल्या ग्रंथालयांनी मिळून केलं नसेल एवढं काम तिने केलं, ही दोन्ही विधानं मला एकाच वेळी खरी वाटतात. एल्सव्हिअर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी यांनी २०२०च्या डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला आणि २०२५च्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने साय-हब भारतात बंद करायला सांगितलं. दरम्यान २५ नोव्हेंबर २०२४ला केंद्रीय मंत्रिमंडळाने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंजूर केलं होतं: तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नलं, ६,३०० हून अधिक संस्था. जिल्ह्याच्या सरकारी कॉलेजातल्या पोराला यामुळे एका दिवसात जे मिळालं, ते थोडं नाही. पण पहिल्या टप्प्यातल्या संस्था सरकारी आहेत. बहीण बाहेर राहिली. मीही बाहेर, पण मला अर्काइव्ह पुरतं.

युरोप-अमेरिकेत नील्सनला हवं होतं तसं पैसा देणाऱ्यांनीच दडपण आणलं. २०१८मध्ये युरोपातल्या अनुदान संस्थांनी 'प्लॅन एस' जाहीर केला: आमच्या पैशातलं संशोधन सगळ्यांना फुकट वाचता आलं पाहिजे. प्रकाशक म्हणाले, आनंदाने. वाचकाकडून घेत होतो ते लेखकाकडून घेऊ. 'नेचर'ने आपला निबंध खुला ठेवण्याचा दर लावला ९,५०० युरो. टोलनाका हटला नाही, येणाऱ्या रस्त्यावरून उठून जाणाऱ्या रस्त्यावर गेला. 'न्यूरोइमेज' या जर्नलच्या संपादकांना ३,४५० डॉलर फी जास्त वाटली. २०२३मध्ये ते सगळेच्या सगळे राजीनामा देऊन बाहेर पडले आणि त्यांनी दुसरं जर्नल काढलं. पण हे अपवाद. लेखकाने पैसे द्यायचे ठरलं की जितके पेपर तितका पैसा, आणि मग परीक्षक कडक असून कसं चालेल? वायलीने २०२१मध्ये जवळपास ३० कोटी डॉलरना हिंदावी ही कंपनी घेतली. २०२३ या एका वर्षात तिच्या जर्नलांतले ८,००० हून अधिक निबंध मागे घ्यावे लागले, इतके ते कारखान्यात काढलेले होते. शेवटी वायलीने ते नावच टाकून दिलं. आमचं अठराशे रुपयांचं जर्नल आणि हे, यात दराचा फरक आहे. जातीचा किती, ते मला सांगता येत नाही.

आपल्याकडे याचा हिशोब पुण्यात मांडला गेला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य जर्नलांच्या यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने जी नावं आली होती, त्यांतली १,००९ जर्नलं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासली. ८८ टक्क्यांहून अधिक दर्जाहीन निघाली. 'करंट सायन्स'मध्ये २०१८ साली हे छापून आलं. त्यानंतर त्याच विद्यापीठाच्या मदतीने 'केअर' ही नवी, गाळलेली यादी आली आणि २०२५च्या फेब्रुवारीत आयोगाने तीही बंद केली. पीएच.डी.साठी पेपरची सक्ती २०१६च्या नियमांत होती, २०२२च्या नियमांत ती गेली. यादी करा, यादी मोडा, सक्ती करा, सक्ती काढा. पण 'किती?' हा प्रश्न कोणत्याही फॉर्मवरून गेला नाही, आणि तो आहे तोवर दुकानाला गिऱ्हाईक आहे.

मग नील्सनचं स्वप्न खोटंच ठरलं का? तसंही म्हणवत नाही. कारण जिथे ते खरं ठरलं, तिथे इतकं सुंदर ठरलं आहे की माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्याला हेवा वाटावा.

२०१३मध्ये यितांग झांगने सिद्ध केलं की ७ कोटींपेक्षा कमी अंतर असलेल्या मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत. टाओने पॉलिमॅथचा नवा फड भरवला. लोक रोज तो आकडा खाली आणत गेले, ४,६८० पर्यंत आणला, मग जेम्स मेनार्डची नवी कल्पना आली आणि शेवटी तो २४६वर आला. ७ कोटींवरून २४६. क्रिकेटचा स्कोअर बघावा तसे लोक ते बघत होते. आणि २०२३च्या नोव्हेंबरात गॉवर्स, टाओ आणि आणखी दोघांनी एका जुन्या अटकळीची सिद्धता दिली, तेव्हा टाओने ती लीन या भाषेत उतरवायला घेतली. लीनमध्ये सिद्धता म्हणजे प्रोग्रॅम असतो. एक पायरी जरी चुकली तरी कम्पायलर पुढे जाऊ देत नाही. कामाचे बारीक तुकडे पाडून नकाशा मांडला आणि ज्याला जो तुकडा जमेल तो त्याने उचलला. तीनेक आठवड्यांत काम पूर्ण. पुढच्या वर्षी त्याने ४,६९४ बीजगणिती नियम घेतले आणि विचारलं, यातल्या कोणत्या नियमावरून कोणता निघतो? २ कोटी २० लाखांवर प्रश्न. व्यावसायिक गणिती, हौशी प्रोग्रॅमर आणि त्यांची यंत्रं यांनी मिळून काही महिन्यांत तो डोंगर उपसला. मी त्या रिपॉझिटरीत रात्री रात्री रेंगाळलो आहे, लिहिलं काही नाही. सगळं ओळखीचं होतं: इश्यू, पुल रिक्वेस्ट, हिरवी टिक. फक्त आम्ही पेमेंटचं बटण दुरुस्त करतो आणि ते गणित करत होते.

हे का चाललं? नील्सन म्हणेल, सगळं खुलं होतं म्हणून. मला वाटतं, तपासणी स्वस्त होती म्हणून. तुकडा पाठवणारा कोण, कुठल्या कॉलेजचा, त्याचा एच-इंडेक्स किती, हे विचारायची गरजच पडत नाही. कम्पायलर नाव बघत नाही. नील्सनच्या पुस्तकात या गोष्टीचा अर्धा भाग आहे: सामूहिक काम तिथेच जमतं जिथे बरोबर-चूक ठरवायची सगळ्यांची रीत एक असते, असं तो एका प्रकरणात सांगतो आणि पुढे जातो. मी असतो तर त्या प्रकरणाचंच पुस्तक केलं असतं. कारण जिथे तपासणी महाग असते, तिथे आपण तपासण्याऐवजी मोजतो. पेपर वाचायला दिवस लागतो, पेपर मोजायला सेकंद.

आणि विज्ञानाच्या बहुतेक भागांत कम्पायलर नाही. ३१ जानेवारी २०२०ला दिल्लीतल्या काही संशोधकांनी नव्या कोरोना विषाणूत एचआयव्हीशी मिळतेजुळते तुकडे सापडल्याचा प्रीप्रिंट बायोअर्काइव्हवर टाकला. जगभरच्या जीवशास्त्रज्ञांनी काही तासांत दाखवून दिलं की असे तुकडे इतरही असंख्य जीवांत सापडतात. दोन दिवसांत लेखकांनी निबंध मागे घेतला. तोवर तो व्हॉट्सअॅपवर पोचला होता आणि तिथून कोणी काही मागे घेत नाही. या प्रकरणाला तेव्हा सगळे हसले. मला आज त्या लेखकांबद्दल आदर वाटतो. चूक उघड्यावर केली, उघड्यावर ऐकून घेतली, मागे घेतली. त्याच वर्षी 'लॅन्सेट'सारख्या, परीक्षकांच्या गाळणीतून गेलेल्या जर्नलमध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनवरचा एक निबंध २२ मेला छापून आला आणि ४ जूनला मागे घ्यावा लागला, कारण त्यामागचा डेटा कोणाला पाहताच येईना. तीही चूक पकडली ती बाहेरच्या वाचकांनीच. एखाद्याने कच्चा डेटा मागावा आणि तो समोरच्याकडून मिळावा, एवढ्या साध्या गोष्टीवर सगळी इमारत उभी आहे.

तर, इथिओपियाची मेल. नवव्या दिवशी मी खरं ते लिहिलं. जुन्या लॅपटॉपवरून कोड आणि डेटा शोधून गिटहबवर टाकला आणि वरती लिहिलं की ९४ हा आकडा चुकीचा आहे आणि का चुकीचा आहे. मग जर्नलला मेल केली, पेपर मागे घ्यायचा आहे. छापायला दोन दिवस लागले होते, हे उत्तर दोन तासांत आलं. मागे घेण्याची फी तीन हजार रुपये, शिवाय सर्व लेखकांची लेखी संमती. मित्रांपैकी दोघं हो म्हणाले. तिसरा कॅनडात आहे, त्याने मेसेज वाचला, निळ्या टिका दिसल्या, उत्तर नाही. सरांना फोन केला.

"अरे, किती दिवसांनी! कुठे आहेस सध्या?"

सांगितलं. मग विषय काढला.

"आता कशाला उकरतोयस ते?" सर म्हणाले. "माझ्या प्रमोशनच्या फाइलला तो पेपर लागलाय. सोळा सायटेशन्स आहेत त्याला, माहितीये का तुला?"

"सर, पण आकडा चुकीचा आहे."

"मला माहितीये," ते म्हणाले. आणि जरा थांबून, "तुला काय वाटलं, मला तेव्हा कळलं नव्हतं?"

त्यांच्यावर मला चिडता आलं नाही. त्यांना वर्षाला किती प्रोजेक्ट बघावे लागत आणि किती पेपर दाखवावे लागत, हे आम्ही चार वर्षं पाहिलं होतं.

पेपर अजून तिथेच आहे. सायटेशन्स सतरा झाली. त्या मुलीचं उत्तर मात्र आलं. शिकवायचे आणि परीक्षेचे दिवस वेगळे काढल्यावर तिचं मॉडेल ६१ टक्के वेळा बरोबर ठरतंय. मी तिचा कोड उतरवून चालवून पाहिला, माझ्याकडेही ६१च आला. कांद्यासारख्या पिकाला हा आकडा वाईट नाही, असं मी तिला कळवलं. तिने आभार मानले आणि खाली एका ओळीत विचारलं: आधीच छापलेल्या पेपरात ९४ आहेत, तर ६१चा पेपर कोणी छापेल का?